कोठारातलं रिकामं भोक

प्रोबर्टांच्या अंगणात सफरचंदं चिरडायचा घाणा दोन हिवाळे ताडपत्रीखाली उभा होता. ताडपत्री म्हणजे मर्विनच्या जुन्या ट्रेलरचं झाकण, तेही तीन ठिकाणी फाटलेलं. घाण्यावरचं छप्पर एका जानेवारीत बर्फाच्या ओझ्याने बसलं ते बसलंच. दगडी कुंडाला आणि त्यात फिरणाऱ्या दगडी चाकाला पावसाचं काही वाटत नाही, पण शेजारच्या, रस पिळायच्या लाकडी दाबाचा स्क्रू फुगायला लागला होता. त्याच स्क्रूवर प्रोबर्टांच्या पाच पिढ्यांनी साइडर, म्हणजे सफरचंदाची दारू, गाळली होती. आता हेस्टर त्यावर हात फिरवायची तेव्हा तळव्याला ओल लागायची.

तिच्या धाकट्या भावाने, मर्विनने, यावर उपाय शोधला होता. मोठ्या रस्त्यावरच्या पबवाल्याला घाणा हवा होता, दारात मांडायला. कुंडात तो जिरेनियमची फुलझाडं लावणार होता.

“जिरेनियम,” हेस्टर म्हणाली. “बाबांच्या घाण्यात.”

“बाबा गेले, हेट. घाणाही चाललाय. निदान तिथे लोक बघतील तरी त्याला.”

“थडगं बघतात तसं.”

तीन संध्याकाळी हे भांडण चाललं आणि चौथ्या संध्याकाळी तोडगा निघाला. जूनच्या शेवटच्या शनिवारी सूर्य मावळायच्या आत घाण्यावर नव्या छपराचा सांगाडा उभा राहिला, तर घाणा घरी राहील. नाही तर सोमवारी पबवाल्याचा ट्रक येईल. मर्विनने हे हसत कबूल केलं, कारण हेस्टर शाळेची बस चालवायची, त्रेपन्न वर्षांची होती, आणि आजवर तिने लाकडाची एकच वस्तू बनवली होती. ती म्हणजे पक्ष्यांसाठी ठोकलेली पेटी. तिच्यात नऊ वर्षांत एकही पक्षी राहायला आला नव्हता.

लाकूड मात्र घरचं होतं. ज्या बर्फाने छप्पर पाडलं त्यानेच वरच्या कुरणातला ओक आडवा केला होता. आणि शिकवायला अँब्रोज प्रीस होता. ब्रॉकस्टन गावात ओकचे सांगाडे जोडणारा तो शेवटचा सुतार. वय एक्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हात चहाच्या कपापर्यंत नीट जायचे नाहीत पण पटाशीवर पडले की स्थिर व्हायचे. आयुष्यात त्याने खिळा फक्त कोट टांगायला वापरला, असं तो स्वतःच सांगायचा, आणि ते खोटं आहे असं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

“क्रेन आणणार असशील तर मी येत नाही,” त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं.

“क्रेनला पैसे कुणाकडे आहेत, मिस्टर प्रीस?”

“मग येतो.”

त्यानंतर फेब्रुवारीपासून दर शनिवारी, आणि बस लावून आल्यावर रोज संध्याकाळी, हेस्टर ओक तासायला बसली. ओला ओक कापला की त्याचा आंबूस वास नाकात जातो, आणि पटाशीखालून खरंच पाणी निघतं. पहिल्यांदा ते पाणी मनगटावर उडालं तेव्हा ती हात मागे घेऊन बघतच राहिली. दोनशे वर्षं हे झाड पाणी पीत उभं होतं आणि अजून ते संपलेलं नव्हतं.

“वाळू द्यायचा नाही का आधी?” तिने विचारलं.

“ओला आहे तोवर ऐकतो. वाळला की तो आपल्याला ऐकवतो,” अँब्रोज म्हणाला. “ओला जोडायचा, आणि जोडलेल्या जागी वाळू द्यायचा. वाळताना तो वाकडा होतो, पण सांध्यात अडकलेला असतो ना. मग सगळे एकमेकांना घट्ट धरून वाकडे होतात. नांदत्या घरासारखं.”

ओकचा रस आणि पोलाद एकत्र आले की कातडी निळीकाळी होते. बसमधली पोरं तिच्या हातांकडे बघून विचारायची, काय झालंय म्हणून. ती सांगायची, शाई प्यायले. तिची बोटं जून संपेपर्यंत धुऊन निघाली नाहीत आणि तिलाही ती धुऊन निघायला नको होती.

मार्चमध्ये अँब्रोज तिला चर्चमागच्या कोठारात घेऊन गेला. तिथे गावाच्या धान्याचा दहावा हिस्सा देवाच्या नावाने साठायचा, चारशे वर्षांपूर्वी. आता त्यात शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर असतात. हेस्टर लहानपणापासून त्या दारावरून जात आली होती, पण वर कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी शिडी चढून तिने डोकं तुळईपर्यंत नेलं. कुऱ्हाडीचा एकेक घाव अजून तसाच होता. कुठे घाव खोल, कुठे उथळ, कुठे तासणारा माणूस दमला आणि दुसरा उभा राहिला, तेसुद्धा कळत होतं. प्रत्येक सांध्याजवळ पटाशीने आकडे खोदलेले, एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा, म्हणजे कुठली तुळई कुठल्या खांबात जायची ते उभारताना चुकू नये. तिने बोट एका रेघेत ठेवलं. रेघ तिच्या बोटात बसली.

“तिसऱ्या चौकटीपाशी जा,” खालून अँब्रोज म्हणाला. “डाव्या खांबावर. खुंटीच्या शेजारी काय दिसतंय?”

“एक भोक आहे.”

“त्यात खुंटी आहे?”

“नाही. रिकामं आहे.”

“कोठारात दोनशेच्यावर सांधे आहेत, आणि असं भोक एवढं एकच. ते कशासाठी आहे, सांग.”

हेस्टरने बॅटरी लावून आत बघितलं. बोटाच्या दोन पेरांवर लाकूड आडवं आलं होतं. पूर्ण नाही, एका बाजूने, अर्धचंद्राएवढं. “कंदील टांगायला,” ती म्हणाली.

“नाही.”

“मग कशाला?”

“मी विचारलंय ना. तू सांगायचंस.”

त्यानंतर दर शनिवारी ती एक उत्तर द्यायची. दोर ओवायला. पाकोळ्यांनी घरटं करावं म्हणून. वाळताना हवा खेळावी म्हणून. अँब्रोज प्रत्येक वेळी नाही म्हणायचा, आणि इतक्या समाधानाने म्हणायचा की तिला चीड यायची. एकदा ती चिडून म्हणाली, “तुम्हालाच माहीत नसेल.” तो पोट धरून हसला, आणि तरी त्याने सांगितलं नाही.

मेमध्ये खुंट्यांचा धडा झाला. सांगाड्यात एका लाकडाला खाच असते आणि दुसऱ्याला तिच्यात शिरणारी जीभ. जीभ जिथे सुरू होते तो लाकडाचा खांदा. खांदा खाचेच्या तोंडाला घट्ट टेकला तर सांधा जमला. आणि या दोघांना धरून ठेवते ती आरपार जाणारी ओकची खुंटी.

“भोक आधी खाचेच्या दोन्ही गालांतून पाडायचं,” अँब्रोज सांगत होता. “मग जीभ आत घालायची, गिरमिटाचं टोक टेकवून खूण करायची, आणि जीभ बाहेर काढायची. आता जिभेतलं भोक त्या खुणेवर पाडायचं नाही. काडीभर खांद्याकडे सरकवून पाडायचं.”

“म्हणजे भोकं समोरासमोर येणार नाहीत.”

“नाहीच यायला पाहिजेत. खुंटी टोकाला बारीक असते. ती आत शिरते आणि जिभेला आपल्याकडे ओढून घेते. खिळा नुसता धरतो, पोरी. खुंटी ओढते.”

पहिली खुंटी मोगरीने ठोकताना हेस्टरने डोळ्यांनी बघितलं. सांध्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट होती. एक ठोका, दोन ठोके, आणि फट मिटली. मिटताना लाकूड हलकेच करकरलं. दोन माणसांनी दोरी लावून आवळली नसती अशी ती आवळली, आणि तेही अंगठ्याएवढ्या काठीने. हेस्टर मोगरी खाली ठेवून गवतात बसली. इतकी वर्षं आपण घरात राहिलो, छपराखाली झोपलो, आणि छप्पर कशाने उभं असतं हे आपल्याला आज कळतंय, याचं तिला नवल वाटत राहिलं.

तीन चौकटी करायच्या होत्या. प्रत्येकीत दोन खांब, त्यांना जोडणारी एक आडवी तुळई, आणि कोपऱ्यांत तिरके टेकू. पहिल्या दोन अँब्रोजच्या डोळ्यांदेखत झाल्या, म्हणजे त्याच्या बोटांदेखत. तिसरीच्या तुळईला भोकं पाडायची राहिली तेव्हा अँब्रोजचा डावा डोळा हेरफर्डच्या दवाखान्यात होता, मोतीबिंदू काढायला, आणि गुरुवारी धो धो पाऊस लागला. हेस्टरने ताडपत्री ओढून तुळईचा मधला भाग झाकला, आणि टोकाशी बसून, आधी एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला, भोकं पाडून घेतली. शनिवारला दोन दिवस राहिले होते.

शनिवारी गावातली चर्चच्या घंटा वाजवणारी मंडळी आली. दुसरं कोण येणार? एकाच वेळी दोर ओढायची सवय ब्रॉकस्टनमध्ये फक्त त्यांना होती. आठ जण आणि वर सहा शेजारी. पुढच्या शनिवारी चर्चमध्ये लग्न, त्याच्या पुढे गवताची कापणी, म्हणजे हा एकच दिवस. त्यांची म्होरकी ऑलिव्ह मॅडॉक्स, पोस्टातली, उंची पाच फुटांच्या आत आणि आवाज चार शेतांपलीकडे जाणारा. मर्विनही आला. हरायची तयारी बघायला आला होता, पण हातमोजे घालून आला होता.

अँब्रोज डोळ्यावर पांढरी पट्टी बांधून सफरचंदांच्या खोक्यावर बसला. चौकटी जमिनीवर आडव्या जोडायच्या आणि मग दोरांनी उभ्या करायच्या, असं ठरलं होतं. पहिली चौकट जोडली, खुंट्या बसल्या. दुसरी जोडली. हॅमचे सँडविच फिरले. तिसरीच्या तुळईची जीभ खांबात गेली, हेस्टरने खुंटी लावली आणि मोगरी उचलली.

पहिल्या ठोक्याला फट वाढली.

तिला वाटलं, नजर चुकली. तिने पुन्हा ठोकलं. खांदा खांबापासून अजून सरकला. तिसऱ्या ठोक्याला सांध्यातून पलीकडचं गवत दिसायला लागलं. खुंटी जिभेला ओढत नव्हती. बाहेर ढकलत होती.

“थांब,” मर्विन म्हणाला. “असं व्हायचं असतं का?”

हेस्टरने मोगरी टाकली. ती धावत तुळईच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथेही खुंटी तेच करत होती. गुरुवारचा पाऊस तिच्या डोळ्यांपुढे आला. पहिल्या दोन्ही चौकटींच्या वेळी ती तुळईच्या मध्याकडे बसली होती आणि भोक ‘आपल्याकडे’ सरकवत होती. आपल्याकडे म्हणजे खांद्याकडे. गुरुवारी ती टोकाशी बसली होती. हाताने सवयीने भोक आपल्याकडेच ओढलं होतं. आपल्याकडे म्हणजे जिभेच्या टोकाकडे, उलटं.

चौदा माणसं तिच्याकडे बघत होती.

ती अँब्रोजकडे गेली. खाली बसून, हळू आवाजात तिने काय झालं ते सांगितलं. “नवी तुळई करायला महिना जाईल. आता काय करू?”

अँब्रोजने पट्टीखालचा डोळा खाजवला. “मला नको विचारू,” तो म्हणाला. “मी तुला मार्चमध्येच विचारलंय.”

हेस्टर उठली, तिसऱ्या चौकटीपाशी गेली आणि खुंटी ठोकून बाहेर काढली. गुडघे टेकून तिने भोकात बॅटरी लावली. आत अर्धचंद्र होता. खांद्याच्या बाजूने.

तिने बॅटरी खिशात घातली आणि फाटकातून चालू लागली.

“पळाली,” मर्विन म्हणाला, पण त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं.

“किटली ठेवा रे,” ऑलिव्ह म्हणाली. “बाई परत येईल. तिचा कोट इथे आहे.”

कोठार दोन शेतं ओलांडून होतं. आत कोणी नव्हतं, ट्रॅक्टर शेतांवर गेलेले. हेस्टरने शिडी तिसऱ्या चौकटीला लावली आणि वर चढली. बॅटरी तिने दातांत धरली. भोकात अर्धचंद्र होता, आणि तोही खांद्याच्या बाजूने होता.

मार्चमध्ये तिने हेच बघितलं होतं, आणि आज तिला दिसलं. चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी इथे बसला होता, कदाचित पावसात, कदाचित दमलेला, आणि त्याने भोक आपल्याकडे ओढलं होतं. उभारणीच्या दिवशी त्याचीही फट वाढली असणार. गाव त्याच्याकडेही बघत उभं राहिलं असणार. आणि मग त्याने काय केलं, ते तिच्या नाकापुढे होतं. तळहाताच्या अंतरावर, त्याच जिभेच्या रुंदीत, दुसरी खुंटी. चुकीच्या भोकाला त्याने हात लावला नाही. बाजूला नवं भोक पाडलं, या वेळी खांद्याकडे, आणि खुंटी ठोकली. हेस्टरने खांदा जिथे खांबाला टेकत होता तिथे नख घालून बघितलं. नख जाईना.

तिने रिकाम्या भोकात बोट घातलं आणि तसंच ठेवलं. तिला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. इतकी थोर वाटणारी ही कोठाराची माणसं, त्यांच्यातल्या एकाला तिची चूक आधीच करता आली होती. त्याचं नाव कुठे लिहिलेलं नव्हतं. पण त्याच्या हाताला काय सवय होती, हे आज जगात फक्त तिला ठाऊक होतं, आणि तिकडे अंगणात खोक्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला.

ती परतली तेव्हा दीड वाजला होता. तिने तुळईची जीभ बाहेर ओढायला लावली, गिरमिट घेतलं, आणि तळहाताएवढं अंतर सोडून खांबाच्या गालांतून नवं भोक पाडायला घेतलं. ओक ओला होता, ऐकत होता. जीभ आत घालून खूण केली, बाहेर काढली. मग तुळईच्या या बाजूला जाऊन बसली, पुन्हा उठली, त्या बाजूला जाऊन बसली, आणि बोट खांद्यावर ठेवून मोठ्याने म्हणाली, “इकडे.”

“ऐकू आलं,” अँब्रोज खोक्यावरून म्हणाला. “मला माझ्या बापाने तिथे पाठवलं होतं. माझी तर चार भोकं चुकली होती.”

दोन्ही टोकं होईपर्यंत चार वाजले. नवी खुंटी लावून तिने मोगरी उचलली तेव्हा ऑलिव्हनेही कप खाली ठेवला. पहिल्या ठोक्याला फट थांबली. दुसऱ्याला अर्धी झाली. तिसऱ्याला लाकूड हलकेच करकरलं आणि खांदा खांबाला टेकला. मर्विनने खाली वाकून सांध्यात नख घातलं, आणि तो दोराकडे गेला.

मग दोर बांधले. घंटेवाले चार-चार करून दोन्ही बाजूंना उभे राहिले, शेजाऱ्यांनी बेचकं लावलेल्या लांब काठ्या तुळईखाली दिल्या. ऑलिव्हने रविवारच्या पहिल्या घंटेला देते तीच हाक दिली.

“लक्ष असू द्या.” सगळ्यांचे हात दोरांवर आवळले. “निघाली.” दोर ताणले गेले. “गेली.”

आणि चौकट जमिनीवरून उठली. पाचशे किलोंचा ओक, कोणाच्या कपाळाला आठी न पडता, कोणी ओरडल्याशिवाय, गवतातून उचलला गेला आणि आकाशाला लागला. हेस्टर काठी धरून खाली उभी होती. तुळई तिच्या डोक्यावरून वर जाताना तिची सावली तिच्या अंगावरून सरकत गेली. पाच महिने जे तिच्या गुडघ्यांखाली पडलं होतं, त्याच्याकडे आता मान वर करून बघावं लागत होतं.

तिन्ही चौकटी उभ्या राहून वरच्या लांब तुळया बसल्या तेव्हा ऊन टेकडीच्या शेंड्यावर होतं. ऑलिव्हच्या नवऱ्याने सांगाडा पुरा झाल्याची खूण म्हणून ओकची हिरवी डहाळी आढ्यावर बांधली. मागच्या वर्षीची साइडर निघाली, शेजारच्या घरची, कारण प्रोबर्टांची दोन वर्षं गाळली गेली नव्हती. घाण्यावरची ताडपत्री मर्विनने स्वतः ओढून काढली.

अँब्रोजने दुपारभर बसल्या बसल्या चाकूने दोन बुचं तासली होती, चुकीची भोकं बुजवायला. ती त्याने हेस्टरच्या हातात ठेवली. ती बुचं घेऊन तिसऱ्या चौकटीपाशी गेली तर तिथे मर्विन उभा होता.

“हेट, इथे खुंटी राहिली गं,” तो म्हणाला. त्याने भोकात बोट घातलं होतं.

हेस्टरने मागे बघितलं. अँब्रोजने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

तिने बुचं ॲप्रनच्या खिशात टाकली. “राहिली नाही. ते कशासाठी आहे, सांग बघू.”

“मी तर इथेच होतो ना. तू उलटं पाडलंस म्हणून.”

“ते झालं तू बघितलंस ते. मी विचारतेय, ते आता कशासाठी आहे?”

मर्विनने विचार केला. “कंदील टांगायला?”

“नाही,” हेस्टर म्हणाली, आणि ते म्हणताना अँब्रोजला इतके महिने काय मजा येत होती ते तिला कळलं. “ऑक्टोबरमध्ये गाळायला येशील तेव्हा परत सांग.”

मर्विन वर बघत राहिला, तुळईकडे, डहाळीकडे, मग समोरच्या ओल्या स्क्रूकडे.

“पबवाल्याला सकाळी फोन करतो,” तो म्हणाला. बोट मात्र त्याने बाहेर काढलं नाही.